एम्प्लॉयची कोकरं

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमची निम्मी मेंढरं गेली. काही विकली, काही चाऱ्यावाचून बसली ती उठलीच नाहीत. शेंद्र्याच्या ज्या माळावर ती चरायची तिथं तारेचं कुंपण पडलं, कारखाना उभा राहिला, आणि त्याच्याच फाटकावर आबा, म्हणजे माझे वडील, राखणीला लागले.

मी शहरातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. इंग्रजीच्या तासाला सरांनी वडिलांवर एक वाक्य बोलायला लावलं. मी उभी राहून सांगितलं, वडील कारखान्यात एम्प्लॉयर आहेत.

सर म्हणाले, "वा! मालकाच्या लेकीला खुर्ची द्या रे कुणी!"

वर्ग खदखदून हसला. काम देतो तो एम्प्लॉयर, करतो तो एम्प्लॉयी, हे मला त्या दिवशी कळलं. चूक माझीच होती. पण त्यात हसण्यासारखं काय होतं, ते अजून कुणी मला सांगावं.

त्या वर्षी इंग्रजीत नापास झाले. आबा म्हणाले, "यंदा आणखी बस. पर पुन्हा नापास झालीस तर कालिज बंद. मेंढरामागं जायचं. माय थकली तुझी."

माय रोज संध्याकाळी कोकरं पाजायची. दिवसभर कोंडलेली कोकरं एकदम ओरडायची, आणि ती एकेक उचलून बरोबर त्याच्या आईखाली सोडायची. मी मदतीला एक सोडलं. मेंढीनं हुंगलं आणि ढुशी देऊन उडवलं.

"आगं, तिचं नाय ते! तोंडावळा बघ की. कालिजात डोळे झाकून बसतीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी वही केली. पानावर वर एक क्रियापद, खाली त्याची कोकरं. एम्प्लॉय, कामावर ठेवणं. एम्प्लॉयमेंट, नोकरी. अनएम्प्लॉइड, बेकार, हा तर आमच्या वस्तीत घरोघर बसलेला होता, इंग्रजी नाव तेवढं नवं. मेंढरं वळताना मी मोठ्यानं म्हणायचे. माय विचारायची, "हे कुणाचं?" तिला अक्षर येत नाही, पण मी अडखळले की लगेच म्हणायची, "बसली ढुशी!"

परीक्षेत कुठल्याही एका क्रियापदापासून झालेले शब्द वाक्यांत वापरायचे होते; मी एम्प्लॉय घेतलं. मी इंग्रजीत लिहिलं: या माळावर आधी आमची मेंढरं होती, एम्प्लॉयर मागून आला. माझे वडील एम्प्लॉयी आहेत. मला त्याची लाज नाही.

पास झाले. पुढं इंग्रजीच घेऊन बी.ए. केलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.