तव्यावरची रोहू

आमच्या घरात मासे खायला बंदी कधीच नव्हती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, पण तिनं आम्हाला एका शब्दानं अडवलं नाही. तिचं मागणं एकच होतं. "तुमी काय बी खा रे बाप्पा, फक्त माझ्या भांड्याला लावू नका." म्हणून हिंगोलीत घर बांधलं तेव्हा गच्चीवर पत्र्याखाली वेगळी शेगडी मांडली, आणि मटणा-माशाचं एक खोल जर्मनचं पातेलं तिथंच उपडं असायचं. रस्सा वरच शिजायचा, वरच खायचा, हात धुऊन खाली यायचं. आईची चूल, आईचा तवा, आईची भाकरी खाली. पंधरा वर्षं हे सुरळीत चाललं. त्याची माती मीच केली, आणि तीही मोबाइलवर बघून.

बायको माहेरी गेली होती. रविवार होता. आई भजनी मंडळाच्या बायांसोबत औंढ्याला गेलेली, ती दिवेलागणीच्या आधीच्या गाडीनं येणार होती. घरात मी आणि माझी नववीतली पोरगी. तिनं एक व्हिडिओ दाखवला. भूमध्य समुद्राकाठचे लोक वीस मिनिटांत मासा करतात म्हणे; ना वाटण, ना रस्सा. लिंबू, लसूण, टोमॅटो, कसलासा परदेशी पाला आणि ऑलिव्हचं तेल. "पप्पा, वासपण येत नाही याचा," ती म्हणाली. मी विज्ञानाचा मास्तर. आपल्याला काय अवघड आहे, असा माझा स्वभावच आहे, आणि तो मला नेहमी नडतो.

ऑलिव्हचं तेल किराण्यात मिळालं नाही, मेडिकलवर मिळालं. दुकानदारानं विचारलं, "सर, लेकरू झालं काय घरात?" ते बाळाच्या मालिशचं होतं. मी तसाच परत आलो. शेवटी आमचं करडईचं तेल घेतलं आणि त्या परदेशी पाल्याऐवजी कुंडीतली ओव्याची पानं. मासेवालीकडं सिद्धेश्वर धरणाची रोहू होती. तिला म्हणालो, चपटे, लांब तुकडे कर. "असे काहून सर? रश्श्याले असे न्हाई लागत." रस्सा करायचा नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पैसे देऊन लगबगीनं निघालो.

खोट गच्चीवर गेल्यावर कळली. मासा एका थरात, कातडी खाली करून पसरायचा आणि हलवायचा नाही. आमच्या खोल पातेल्यात तो पसरणार कसा? तुकडे एकमेकांवर चढले. पोरगी म्हणाली, "पप्पा, असा तर रस्साच होईल." सपाट असं घरात एकच भांडं होतं, आईनं पुसेगावच्या बाजारातून आणलेला बिडाचा तवा.

मी विचार केला नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल. चांगला विचार केला. आई संध्याकाळी येणार, तोवर घासून ठेवू, लोखंडाला काय कळतं? पोरगी हळूच म्हणाली, "आजीचा आहे तो." मी म्हणालो, "धुतल्यावर काय राहतं त्याला? विज्ञान शिकतेस ना?" आणि तवा वर घेऊन गेलो.

मासा झकास झाला, हे कबूल करतो. लिंबू पिळलं, टोमॅटो फुटले, ओव्याचा वास सुटला. दोघांनी तव्यातूनच खाल्लं. मग मी तारेची घासणी घेऊन बसलो. राख झाली, चिंच झाली, साबण झाला. वास गेला. पण टोमॅटो-लिंबाच्या आंबटानं आणि माझ्या घासण्यानं तव्याचा वर्षानुवर्षांचा काळा थर उडाला आणि मधोमध भाकरीएवढा करडा डाग पडला. बिडाच्या तव्यावर चिंच रगडणारा हा म्हणे विज्ञानाचा मास्तर!

आई आली. हातपाय धुतले, आम्हाला औंढ्याचा प्रसाद दिला आणि पीठ मळायला बसली. तवा चुलीवर ठेवताना थांबली.

"तव्याला काय झालं रे?"

"पोरीला धिरडं करून दिलं, ते चिकटलं. म्हणून घासला जरा."

"व्हय?" एवढंच म्हणाली ती.

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पहिली भाकरी तव्याला धरली, आईनं उलथन्यानं खरवडून काढली. ताटात पिठलं वाढून घेतलं आणि जेवायला बसली. एरवी पटापट जेवणारी बाई, त्या दिवशी एकेक घास हातात धरून बसत होती. मी आपला काळजीवाहू लेक! विचारलं, "माय, दात दुखून राहिला का?" तिनं मान हलवली आणि जेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिचा गळा मोकळा दिसला. म्हणाली, "दोरा तुटला." मी ओवून आणतो म्हणालो, तर "राहू दे, बघू मग." माळ देव्हाऱ्यात, देवाच्या मागं एका डबीत ठेवलेली मी पाहिली. दोरा धडधाकट होता. तरी मी गप्प राहिलो, आणि त्याची आज अशी लाज वाटते की लिहितानाही कान तापतात.

पुढच्या महिन्यात भजनी मंडळाच्या बाया बोलवायला आल्या. आई म्हणाली, गुडघे धरलेत. त्याच्या पुढच्या खेपेलाही गुडघेच. सकाळी मात्र ती गच्चीवर दोनदा चढून पापड वाळवून आली होती. बाया गेल्या आणि ती दारातच उभी राहिली, त्यांची रिक्षा वळेपर्यंत.

तेव्हा मला राहवलं नाही. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मासा, तवा, धिरडं. रडायला आलं, पन्नाशीच्या माणसाला. आई गहू निवडत होती. हात थांबला नाही.

"पहिल्या भाकरीलाच कळलं व्हतं मला, वास व्हता तिला," ती म्हणाली.

"मग खाल्ली काहून माय? ताट सारायचं ना!"

"पोरगी बसली व्हती ना समोर. तिच्यासमोर तुला लबाड म्हणू?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "वाट पाहून राहिले व्हते मी. घास हातात धरला, म्हणलं आता सांगल. तो खाल्ला. म्हणलं या घासाला सांगल. अर्धी भाकर सरली, तव्हा कुठं तू तोंड उघडलं. अन् मला इचारलं, माय, दात दुखून राहिला का."