खाप्याच्या बांधापलीकडची माती

फिरायला नाही, सही करायला निघाले होते. खाप्याला कन्हान नदीकाठी बापाची शेती, त्यात माझाही वाटा. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, नदीकडची पट्टी मेली, वांगं धरत नाही, विकून टाकू. म्हटलं बरं, एकदाचं संपव.

नागपूरहून सावनेरची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, पण जागा हवी तर खिडकीतून रुमाल टाका. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की कपाशी सुरू. सावनेरला तर्री-पोहे झकास. मी अर्धे टाकून उठले, खाप्याचा ऑटो भरत आला होता.

शेतात पोचले तर नदीच दिसेना. मध्ये छातीएवढा मातीचा बांध. एका वर्षी पुरात उभं वांगं वाहून गेलं, म्हणून भावानं तीन पावसाळ्यांपूर्वी घातलेला. आतली माती फिकी, नुसती ढेकळं. बांधावर चढले, तर पलीकडे आपलीच माती, काळी, आणि त्यात कुणी न लावलेले टमाटर गुडघाभर.

शेजारच्या वावरातली म्हातारी पार्बताबाई खुरपं घेऊन आली. तिनं नदीकडची कड सरळ कापून दाखवली. साडीच्या घड्यांसारखे थर.

"हे पाय वं. एक घडी एका पुराची. धारेत पाणी जोरात पयते तवा माती संगं नेते. काठावर पसरलं का थकते, टाकून देते. रेती काठाशी, बारीक गाळ आत वावरात. तुह्या बापानं खत इकत आणलं काय कधी?"

मागून भाऊ येऊन म्हणाला, "अन् पीक वाहून गेलं तवा?"

"तुहा बाप पावसाळाभर पट्टी रिकामी ठेवे गा. पाणी उतरलं का लावे. तुले घाई."

घाई आमच्या घरातलीच.

तुम्ही गेलात तर नदी वळते तिथं, वळणाच्या आतल्या अंगाला उभे राहा. समोरचा काठ ती खाते, इकडे टाकते. चांगली माती तिथंच.

विक्रीचा कागद मी पिशवीतून काढलाच नाही. बांध फोड म्हटलं.

"ताई, पूर नाही आला तर?"

"तर थांबू." हे मी बोलले, जिला कुकरच्या तिसऱ्या शिटीपर्यंत धीर निघत नाही.

घरी आले. चपलेचा गाळ अजून धुतला नाही. कागद फ्रिजवर आहे, बिनसहीचा. काल भावानं फोटो पाठवला, बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार. बाकीचा का ठेवला, विचारलं. म्हणे, पावसाळ्याला सात महिने आहेत, होऊन जाते.

सात महिने. आज सकाळपासून तीनदा फोन केला त्याला.