हे तिकडे होते आणि तिथला पैसाच बंद झाला

मागच्या महिन्यात मी आणि अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, धुळ्याहून जळगावच्या एसटीत बसलो. जळगावला जायचं म्हटलं की लोक विचारतात, सोनं घ्यायला का? नाही हो... ह्यांचा काही पत्ता लागतो का, ते बघायला.

आमचे हे ठिबक सिंचनाच्या कामात आहेत. जळगावच्या एका छोट्या कंपनीने त्यांना आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलंय, शेतांमध्ये नळ्या टाकून द्यायला. देशाचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून तिथेच आहे बाबा.

तिथे महागाई अशी, की दुकानदारांनी पाटीवर भाव लिहिणंच सोडून दिलेलं. हे फोनवर हसत हसत सांगायचे, मीपण हसायचे. मग एक दिवस तिथल्या सरकारने जाहीर केलं... आपलं चलन बंद, आता अमेरिकेचा डॉलरच चालणार.

माझा भाऊ इथेच धुळ्यात, देवपुरात, कॉमर्सच्या शिकवण्या घेतो. तो म्हणाला, ताई, हे चांगलंच आहे की. सरकारला हव्या तेवढ्या नोटा छापता येणार नाहीत, भाव आपोआप थांबतील. असेलही तसं. पण ह्यांचा पगार नुकताच जुन्या नोटांत झाला होता. त्या नोटा कोणी हातात घेईना, आणि डॉलर कोणाकडे नाही. अर्धी दुकानं बंद, कारण कशाचे किती मागायचे तेच दुकानदाराला कळेना.

एवढं सगळं ह्यांनी एका मेसेजमध्ये लिहिलं. खाली लिहिलं, रिचार्ज संपत आलाय, त्यालाही आता डॉलरच लागतात, काळजी करू नको.

काळजी करू नको म्हणे! त्यानंतर फोन बंद.

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने मोबाईल उघडायचे... एकच टिक. यूट्यूबवर त्या देशाचं नाव टाकलं, तर माणसं एका दुकानाचं शटर वाकवताना दिसली. व्हिडिओ कधीचा, कुठल्या गावाचा, काही कळायला मार्ग नाही. तरी मी त्या गर्दीत ह्यांचा निळा शर्ट शोधत बसले.

अक्कांना मी काही सांगितलं नव्हतं. पण वरणात दोनदा मीठ पडल्यावर त्यांना काय कळायचं ते कळलं. त्या नवी साडी नेसल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. "चाल, जळगावले जाऊत."

ऑफिसातली पोरं चांगली होती हो. पाणी दिलं, चहा दिला. कंपनीने इकडून पैसे पाठवलेत, पण तिथल्या बँकेचं डॉलरचं काम अजून सुरळीत झालेलं नाही, असं म्हणाले. मी विचारलं, तुमची आणखी कोण माणसं आहेत तिथे त्यांच्यासोबत? तो मुलगा म्हणाला, सध्या सर एकटेच आहेत मॅडम.

'एकटेच' हा शब्द घेऊन आम्ही परतीच्या गाडीत बसलो. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मी मनातल्या मनात नको नको ते सगळं बघून घेतलं... 

गाडी एरंडोल स्टँडवर थांबली आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, पुढे भलताच कोड. असे फोन फसवणुकीचे असतात, अजिबात उचलू नको, असं भावाने बजावून ठेवलेलं. माझा अंगठा लाल बटणावर गेलाच होता, तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट धरलं. "उचल."

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. भाषा कळेना. हॉस्पिटल, पोलीस... काय काय डोक्यात येऊन गेलं, विचारू नका. मग एकदम ह्यांचा आवाज. "मी नीट आहे. जेवतोय. शेजारच्या मावशी रोज जेवायला घालतात. त्यांच्याकडे एकच डॉलर होता, त्याचा त्यांनी आज आपल्या फोनमध्ये डेटा टाकला. लवकर बोल, संपेल..."

मी तोंड उघडणार, तर अक्कांनी फोन ओढूनच घेतला. आधी मुलाशी बोलतील असं वाटलं. पण नाही, म्हणाल्या, त्या बाईकडे दे. आणि आपल्या अहिराणीत सुरूच झाल्या, "माय, मना पोऱ्याले तू जेवाडं. तुना घरना बठ्ठासनं, सगळ्यासनं भलं होवो, माय..."

तिकडून ती बाई तिच्या भाषेत बोलायला लागली. केवढं तरी बोलली. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं, तरी अक्का "हा माय, हा माय" करत होत्या. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून तसाच उभा राहिला.

आणि डेटा संपला.

मी नवऱ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. खोटं कशाला सांगू, रागच आला मला. पारोळा येईपर्यंत मी अक्कांशी बोलले नाही.

नंतर ह्यांना डॉलरमध्ये पगार मिळाला, एका टिकच्या दोन झाल्या. भावाचं खरं निघालं, तिथले भाव थांबलेत. पण मावशींची आयुष्यभराची पुंजी जुन्या नोटांत होती, ती बदलून हातात काहीच आलं नाही. आणि तो एक डॉलर त्यांनी बीपीच्या गोळ्यांसाठी ठेवला होता. तुझी बायको फोन घेऊन बसली असेल, गोळ्यांचं बघू नंतर, असं म्हणून त्या स्वतः दुकानात गेल्या. आता त्यांच्या गोळ्या हे आणतात.

माझी भीती काही गेलेली नाही, हे घरी येईपर्यंत जाणारही नाही. अक्का संध्याकाळी दिवा लावताना ह्यांचं नाव घेतात. आता त्याआधी मावशींचं घेतात... नाव धड उच्चारता येत नाही, पण एकदाही विसरत नाहीत.