सतरा ताटं

"सतरा सायकलवाले येतील," एवढं ऐकल्यावर साळूबाईनं पुढचं काही ऐकलंच नाही. घोटाळा झाला तो तिथंच.

तसं ही सायकलस्वारी भरवणाऱ्या, शहरातल्या नोमाननं तिला नीट समजावलं होतं. सुरतेच्या समुद्रापासून मछलीपट्टणच्या समुद्रापर्यंत, चार राज्यं ओलांडत ही मंडळी सायकल मारणार. गंगापूर-वाळूजच्या जुन्या रस्त्यावर तिचं चहाचं हॉटेल आहे, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा, वेळ लिहायची आणि पळायचं. "पाचला शिक्का बंद, आजी. नंतर आला तो बाद."

"व्हय बाबा," म्हणत ती मनात पीठ मोजत होती. दारात आलेल्या माणसाला शाई लावून वाटेला लावायचं, हे तिच्या डोक्यात शिरणार कसं?

बचत गटाची ताटं द्वारकाबाईकडं असतात. साळूबाई ती मागायला गेली, तर बाईनं टोमणा हाणलाच.

"तुझ्याकडं सतरा पाव्हणे? पोटचा सत्यम वाळूजवरून सणालाबी येत नाय, अन् हे सुरतेवरून जेवाया येत्यात व्हय?"

"येत्यात की. उद्या इचार मला."

नवरा, सखाराम, जाऊन चार वर्षं झाली. नव्या रस्त्यामुळं वाळूजच्या कंपन्यांच्या बसही आता इकडून जात नाहीत. तेव्हापासून साळूबाई चुलीपाशी उभ्यानंच जेवते. एकटीला ताट कशाला? भाकरीवरच कालवण घ्यायचं नि संपवायचं. कुणासमोर मांडी घालून जेवावं, एवढीच तिची भूक होती. पण असली भूक सांगायची कुणाला?

पहाटेपासून राबून तिनं भाकरी, येसर आमटी, वांग्याचं भरीत केलं आणि सतरंजीवर सतरा ताटं मांडली.

पहिला आला अकराला. "आजी, शिक्का." ताटाकडं त्यानं बघितलंही नाही, खिशातलं केळं सोलतच तो निघून गेला. दुसरा तसाच. तिसऱ्यानं निदान हात जोडले. चारपर्यंत सोळा जण गेले. आमटीवर साय धरली.

मग साळूबाईनं शिक्का पदराखाली मुठीत धरला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटची आली. अदीबा नाव, मालेगावची. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या.

"आजी, शिक्का. लवकर."

"आधी दोन घास खा. मंग शिक्का."

पोरीनं ताटांच्या रांगेकडं पाहिलं. "एवढं कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच की गं."

"आजी, आता बसले तर उठायची नाही मी." तिनं कार्ड पुढं केलं. "सगळे पुढं गेलेत. कालपासून कुणाशी बोललेसुद्धा नाही. इथं बाद झाले तर घरचे म्हणतील, सांगितलं होतं ना."

सांगितलं होतं ना. द्वारकाबाईसुद्धा हेच म्हणणार होती.

साळूबाईनं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं राहिली होती. तेवढी तिनं धरून ठेवली असती, तर पोरगी नक्की बसली असती. रडली असती, पण बसली असती.

तिनं पदर सोडला. ठप्प. चार छप्पन्न.

"पळ. मागं बघू नगंस." दोन भाकरी भरीत घालून फडक्यात गुंडाळल्या नि हँडलला बांधल्या. "चालवता चालवता खा."

"आजी, परत येईन मी."

"व्हय, व्हय. पळ आता."

पोरगी उसाच्या वळणाआड जाईपर्यंत साळूबाई उभी राहिली. मग उभ्यानंच अर्धी भाकरी खाल्ली. ताटं परत द्यायची होती. सगळी लख्ख, कोरडी, एकालाही आमटीचा थेंब लागलेला नाही. ती मोरीपाशी बसली, राख घेतली आणि सतराच्या सतरा ताटं एकेक करून घासली.

ओली ताटं पाहून द्वारकाबाईनं विचारलं, "जेवले का समदे?"

"पोटभर," साळूबाई म्हणाली.