साहेबांच्या हातची शाल

आमच्या संघटनेची बातमी पेपरात येत नाही, आणि आलीच तर लोक भलतंच समजतील. गुन्ह्याचा अभ्यास करणारी माणसं आम्ही, पण चोर कसा पकडावा हे काही आम्ही शिकवत नाही. चोर कुणाला म्हणायचं हे ठरवतं कोण, आणि एकदा ठरलं की त्या माणसाच्या लेकराबाळांचं काय होतं, हे आम्ही विचारत बसतो. असली डोकेफिरू मंडळी देशभर विखुरलेली आहेत. अधूनमधून ईमेलवर एक बातमीपत्र येतं, त्यात कुणाचं पुस्तक आलं, कुणाची नोकरी गेली, कोण वारलं ते कळतं. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिथं माझं नाव यायचं काही कारण नव्हतं, पण यंदा आलं. वर्षातला उत्तम लेख म्हणून माझा लेख निवडला गेला.

लेख एका पारधी वस्तीवर होता. तिथल्या एका बाईला मी मावशी म्हणायची. शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या तेव्हा तिच्या लग्नाला आलेल्या पोराला पोलिसांनी उचललं. चालत गेलेलं पोरगं दोघांनी धरून घरी आणलं. तेव्हापासून ते पाय ओढत चालतं. मावशी कित्येक महिने या गोष्टीवर तोंड उघडत नव्हती. मी जात राहिले, बसत राहिले, तिच्या हातचा काळा चहा पीत राहिले. शेवटी कोर्टात जबानी द्यायला ती तयार झाली. तिच्या जबानीवरच पोराची केस उभी राहणार होती, आणि तारीख पुढच्याच आठवड्यातली होती.

मधेच कॉलेजनं माझा सत्कार ठरवला. माझ्या भावाला तर भलताच चेव चढला, त्यानं कनेरगाव नाक्यावर ढाब्यासमोर माझा फ्लेक्स लावला. आमचे प्राचार्य भला माणूस. त्यांचा हिशेब सरळ असतो. शेतीचा कार्यक्रम असला की कृषी अधिकारी, आरोग्याचा असला की डॉक्टर. आता विषय गुन्ह्याचा, म्हणजे प्रमुख पाहुणे पीआय साहेबच पाहिजेत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी आपली माझ्याच नादात होते. मावशीला बोलावून ठेवलं होतं, कारण मला मिळालेली शाल तिथंच, सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर घालायची होती.

हॉलबाहेर पोलिसांची गाडी थांबली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, अंगावर धुऊन घडी करून ठेवलेलं लुगडं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. साहेब नवीन बदलून आलेले, पोराच्या प्रकरणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण वर्दी तीच ना! त्यांनी मला शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि माईक हातात घेतला.

"ही मंडळी कुठं राहतात, कधी हलतात, आम्हाला पत्ताच लागत नाही," साहेब मनापासून म्हणाले. "मॅडमनी सगळं लिहून ठेवलंय. बंदोबस्ताला फार उपयोग होईल."

टाळ्या वाजल्या. मी बघितलं तर दाराजवळची खुर्ची रिकामी होती. संताप आला, पण तो काढायचा कुणावर? माझं कौतुकच तर चाललं होतं. अंगावरची शाल तेवढी टोचून राहिली होती.

कॉलेजातल्या एका उत्साही सहकाऱ्यानं साहेब मला शाल घालतानाचा फोटो संघटनेला धाडून दिला. दोन दिवसांत बातमीपत्र आलं. 'आमच्या सदस्येचा तिच्याच जिल्ह्यात गौरव.' खाली अभिनंदनाची रांग. पोलिसांवर जाड जाड ग्रंथ लिहिणारी ही विद्वान माणसं, पण शाल कुणाच्या हातात आहे ते एकालाही दिसलं नाही. एकानं तर, आता या केसवर सविस्तर लिहा, असंही सुचवलं. मी फोन पालथा ठेवला.

कोर्टाच्या आदल्या दिवशी वस्तीवर गेले. पोरगं बाहेर बसलं होतं, मला बघताच पाय ओढत आत निघून गेलं. मावशी दाराशी आली. बस म्हणाली नाही, चहाही टाकला नाही. साहेबांना मी बोलावलं नव्हतं, लेखात कुणाचं नाव घातलेलं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्याडम, तुमी आता येत नका जाऊ," ती हळूच म्हणाली. "मी उद्या कोर्टात येऊन नाही राहिले. पोराला बी सांगून ठेवलंय, कोणी इचारलं तर बैलानं लाथ मारली म्हणायचं."

त्या वस्तीत एकाच्याही दारात बैल नाही.