श्यामलाक्कांच्या तळ्याचा पंप

जे. पी. नगरातल्या घरामागे श्यामलाक्कांचं तळं आहे. तळं म्हणायचं आपलं. पलंगाहून थोडं मोठं सिमेंटचं टाकं, त्यात बुडवलेली कमळाची कुंडी आणि सहा लाल-पिवळे मासे. फूल उमललं की ते देवघरातल्या बाळकृष्णाला. इतक्या वर्षांत त्या पाण्याने कधी कुरकुर केली नव्हती.

यंदा पाडव्यानंतर मात्र पाणी हिरवं झालं, मग गढुळलं, मग वास मारू लागलं. मासे पहाटे वर येऊन तोंडं वासायचे. दोन गेले. दुसरा अक्कांनी स्वतः उचलून बाहेर काढला. ज्या पाण्यातलं फूल देवाला, त्याच पाण्यात जीव जातायत. आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं.

मुलगा शार्दूल म्हणाला, "आई, माती मागवतो. बुजवून टाकू. वर गुलाब लाव."

"आणि मासे?"

"देऊ कुणाला तरी."

"कुणाला? नाव सांग."

सून मैत्रेयी पुण्याची, लग्न करून इथे आलेली. ती म्हणाली, "अरे, आधी पंप आणि फिल्टर ट्राय करू ना. एक चान्स तर दे त्यांना."

"महिनाअखेरपर्यंत," शार्दूल म्हणाला. "नाहीतर माती."

सासू-सुना गुरुराजच्या पंप-फिल्टरच्या दुकानात गेल्या. मैत्रेयीला कारंज्याचा मोठा पंप आवडला. अक्कांनी मान हलवली. "कमळाला वरून पाण्याचा मारा सोसत नाही. त्याला निवांत पाणी लागतं."

गुरुराजने तळ्याची मापं विचारली. मैत्रेयीने मोबाइलवर हिशेब केला, दोन हजार लिटरच्या आसपास. "मग तासा-दोन तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे," गुरुराज म्हणाला. "शिवाय पाणी वर चढवायचं, तिथे जोर कमी होतो. लागतो त्याहून जरा मोठा घ्या. कारंजं नको, पाइपाचं तोंड भिंतीकडे करा." मग त्याने सहज विचारलं, "अक्का, पाण्यात आणखी काय घालता?"

"काही नाही हो. माशांचं खाणं, तेही स्वल्प."

"सरी, बरं," म्हणत त्याने पंप आणि स्पंजचा फिल्टर बांधून दिला.

अक्का खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पंप बसला. चार दिवस पाणी जरा निवळलं, अक्कांना घास गोड लागू लागला. मग पंप कण्हायला लागला, पाइपातून पाणी नुसतं ठिबकू लागलं आणि मासे पुन्हा वर. मैत्रेयी आत मीटिंगमध्ये. अक्कांनी देवाचं नाव घेतलं, पंपाचा प्लग काढला आणि फिल्टर स्वतःच उघडला.

स्पंज नळाखाली धरला, तर पाणी त्यावरून नुसतं घरंगळून जायला लागलं! बोटं बुळबुळीत. साबण लावला तरी बुळबुळ सुटेना. अक्कांनी हात नाकाशी नेला. हा वास तळ्याचा नव्हता, स्वयंपाकघरातला होता. लोणी कढवलेलं पातेलं दोन दिवस तसंच राहिलं की येतो, तो.

अक्का धुण्याच्या दगडावर बसल्याच.

पाडव्याला त्या नोकरीतून मोकळ्या झाल्या होत्या. आता वेळच वेळ, म्हणून रोज बाळकृष्णाला पंचामृताचं स्नान सुरू केलं होतं, तेही वाटी भरभरून. ते पाणी पायदळी येऊ नये. तुळशीला घातलं तर मुंग्या लागल्या. मग तळ्यात. आणि मासे आजारी पडले, तसं त्यांना बरं वाटावं म्हणून तीर्थ वाढवलं होतं.

"मैत्रेयी! अगं ए मैत्रेयी! मासे मीच मारतेय गं!"

मैत्रेयी कानातले इअरफोन काढत धावत आली. सगळं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "दूध, दही, तूप, मध, साखर? रोज?"

"रोज. आजारी पडल्यावर तर जास्तच."

"म्हणजे पेशंटला बासुंदी! आई, बाळकृष्णाला पचतं हो. तो गवळ्याच्या घरचा आहे."

अक्कांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. देव रागावला नव्हता. घरात काही अशुभ नव्हतं. तूप होतं, नुसतं तूप!

त्याच दिवशी निम्मं पाणी उपसलं, टाकीत साठवलेलं पाणी बादल्यांनी हळूहळू घातलं, स्पंज नवा टाकला. पंप गुणगुणायला लागला. अक्का देवघरात जाऊन म्हणाल्या, "आता तुला चमचाभरच बरं का. राहील ते आम्ही तीर्थ म्हणून घेऊ, आणि न्हाणाचं पाणी नारळाच्या झाडाला."

महिनाअखेरीस शार्दूल फोन कानाला लावून मागे आला. तळ्याचा तळ दिसत होता. चारही मासे खाली, कमळाच्या देठांमधून फिरत होते. तो बघतच राहिला. "आई, मातीवाला विचारतोय, किती पोती?"

अक्कांनी वळूनही पाहिलं नाही.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "नारळाच्या आळ्याला हवी आहे."