दोन सिटांची गाडी

अकोटच्या गुरांच्या दवाखान्यात मी नोकरी करत होतो तेव्हा पाच वर्षं माझ्या दारात लाल रंगाची, टप उघडणारी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार उभी असे. गुरांच्या डॉक्टरला असली गाडी कशाला, हे मला अख्ख्या तालुक्याने विचारलं. दवाखान्यात म्हशीचं शेपूट धरून उभा असलेला माणूसही आधी गाडीचं विचारायचा आणि मग म्हशीचं. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर द्यायचो.

ती गाडी मोर्शीकडच्या एका संत्राबागाईतदाराची. आधी माझी नेमणूक तिकडे होती, तेव्हापासूनची आमची ओळख. चांगल्या दिवसांत त्याने ती हौसेने मुंबईहून आणवली होती. पुढे विहिरी आटल्या, बाग वाळली, झाडं तोडून सरपणात गेली, आणि एक दिवस त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "डाक्टर, तुमीच घ्या हे. दुसऱ्या कोनाले देल्ली त तो तिची वाट लावून टाकीन." मी हसून उठून आलो. माझ्याकडे काळी मोटरसायकल होती, तिला मागे औषधांची पेटी बांधलेली, आणि तिला शेणाचा वास कायमचा चिकटलेला. काळ्या मातीतल्या पांदणीच्या वाटेने तीच जाते. मला आणखी काही नको होतं.

घरी येऊन बायकोला गंमत म्हणून सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"सिटा किती हायेत तिले?" तिने विचारलं.

"दोनच."

"मंग घ्या ना. आपन दोघंच त आहो."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अमरावतीचे, अकोल्याचे, नागपूरचे डॉक्टर करून झाले होते, नवस बोलून झाले होते. तिने ते वाक्य चेष्टेच्या सुरात टाकलं, भाकरीवरचा हातही थांबवला नाही. पण मला पुढे नाही म्हणता येईना. गाडी आली.

मला ती गाडी कधीच नीट चालवता आली नाही. मोटरसायकलवर उंच बसायची सवय, त्यामुळे इतक्या खाली बसलं की मला पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटायचं. बायको मात्र आठ दिवसांत शिकली. कापसाचा हंगाम नसला की जिनिंगचं आवार मोकळं असतं, आणि त्या वर्षांत ते हंगामातही बरंच मोकळं असायचं. तिथे ती गोल गोल फेऱ्या मारायची आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचो. ती नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यातली, बैलगाडी हाकलेली. "बैलापरीस हे बरी," म्हणायची, "शेपूट नाही पिरगाळा लागत."

मग लग्नवाल्यांना या गाडीचा शोध लागला. नवरदेव लाल उघड्या गाडीतून मिरवायचा, ही कल्पना आमच्या भागात वाऱ्यासारखी पसरली. पहिल्याच वरातीत घोळ झाला. नवरा आणि नवरी दोघांना बसवलं, हार घातले, फोटो काढले, बँडवाल्यांनी सुरुवातही केली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गाडी चालवणार कोण? सीट तर उरलीच नव्हती. शेवटी नवरीला उतरवलं. तेव्हापासून ठरून गेलं की नवरदेव एकटाच बसेल आणि गाडी माझी बायको चालवेल. वरातीच्या पुढे बँड, त्यामागे लाल गाडी, तिच्यात बाशिंग बांधलेला नवरदेव आणि शेजारी पदर खोचून चालवणारी माझी बायको. बाया ओट्यांवर उभ्या राहून नवरदेवाला सोडून तिलाच पाहायच्या.

आमच्याकडे नवरदेवाची गाडी हाकणाऱ्याचा मान असतो. टॉवेल, टोपी आणि नारळ. आता बाईला टोपी घालायची कशी, हा मोठाच पेच पडला. म्हणून गाडी ती चालवायची आणि टॉवेल-टोपी मला मिळायची. मी मागून मोटरसायकलने धूळ खात जायचो आणि मांडवात डोकं पुढे करायचो. घरात टॉवेलांची चळत झाली होती. मी हे सगळं मजेत घेत होतो. बायको खूश आहे, तिला चार लोक बोलावतात, आणखी काय पाहिजे, असं मला वाटायचं. मी इतका मठ्ठ कसा होतो, याचा आज मला राग येतो.

त्याच दिवसांत गावांची दशा पालटत चालली होती. ज्या गोठ्यात मी चार बैल तपासायचो तिथे दोन दिसत, मग एकही दिसत नसे, आणि मालक रिकाम्या गव्हाणीपाशी उभा राहून माझ्याशी भलत्याच विषयावर बोलायचा. एकदा मोटरसायकल दुरुस्तीला टाकलेली असताना निरोप आला, गाय अडली आहे, ताबडतोब या. मी लाल गाडी काढली आणि गेलो. गावात शिरलो तर पोरं ओरडत मागे धावायला लागली, वरात आली, वरात आली. एक म्हातारा ओट्यावरून म्हणाला, "कोनाचं लगन हाय जी?" गाय होती त्याच्या शेजारच्या घरात मौत झालेली होती, तरणा माणूस गेला होता. आवाज ऐकून त्या घरातल्या बाया रडत रडतच दाराशी आल्या, आणि त्यांनी गाडी पाहिली. मी वासरू सोडवलं, हात धुतले, आणि मान खाली घालून निघालो.

त्या दिवशी मी ठरवलं, ही गाडी आता ठेवायची नाही. गाडी आणि मोटरसायकल, दोन्ही पोसणं जमतही नव्हतं. गाडीचा साधा एक नट मुंबईहून यायचा. मोटरसायकल तर नोकरीसाठी लागणारच. अमरावतीचा एक हौशी माणूस ओळखीतून भेटला, लग्नसराई संपली की येऊन घेऊन जातो म्हणाला. मी बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि उठून गाडी धुवायला गेली. गाडी धुतलेलीच होती.

त्या सराईतलं शेवटचं लग्न एका माळणीच्या घरचं होतं. अकोटच्या बाजारात ती मेथी, वांगी विकायला बसायची. तिच्या दोन म्हशी मी पाहिल्या होत्या. आदल्या पावसाळ्यात तिचा नवरा काविळीने गेला. घरात मौत झाली की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे आमच्याकडे पक्कं. म्हणून थोरल्या पोरीचं लग्न घाईत, थोडक्यात काढलं होतं. माळीण दवाखान्यात येऊन म्हणाली, "डाक्टरसाहेब, वरात नाही काडत आमी. पन पोरगी सासरी जाईन त लाल गाडीतून जाईन, असं तिचा बाप बोलला होता. बाईले पाठोता का?" सासर दर्यापूरच्या अलीकडच्या गावात. मी हो म्हटलं. नवरी गाडीत, तर नवरदेव कुठे, हा प्रश्न होताच. तो माझ्या मोटरसायकलवर मागे बसणार असं ठरलं, आणि तो बिचारा लगेच तयार झाला.

वैशाखातलं ऊन. जेवणं आटोपली, निघायची वेळ झाली. मी नवरदेवाला मागे बसवून मोटरसायकल मांडवाच्या तोंडाशी आणून उभी केली. त्याच्या एका हातात कट्यार, दुसऱ्या हाताने त्याने माझा खांदा धरलेला. बायको समोर गाडीत बसून होती. मी म्हटलं, "आत सावलीत बस ना, भाजून निघशील." ती म्हणाली, "गाडीपाशी कोनी तरी पायजे. पोट्टे हात लावतात."

पोट्टे कुठे होते? सगळे मांडवात आइसकांडीवाल्याभोवती होते. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की पाच वर्षं, प्रत्येक लग्नात, ती हेच सांगून गाडीत बसून राहिली होती. हळद लागताना, ओट्या भरताना, बाया आत गोळा व्हायच्या आणि ही बाहेर उन्हात बसायची. हळदीला, ओटीला लेकुरवाळी सवाष्ण लागते. हिला आत कुणी बोलावलं नसतं, आणि हिच्याकडे पाहून बायांचं बोलणं थांबलं असतं. गाडीत बसलं की निदान कारण तरी होतं.

मांडवात नवरीची ओटी भरायची तयारी झाली होती. तिची मामी तांदळाचं सूप घेऊन बसली होती. माळीण स्वतः विधवा, म्हणून एका खांबापाशी उभी होती, हात पदरात गुंडाळून. बघता बघता ती तिथून निघाली, बायांमधून वाट काढत सरळ गाडीपाशी आली.

"बाई, उतरा. माह्या पोरीची पयली ओटी तुमी भरा."

बायको दचकली. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मले लेकरू नाही."

लग्नाच्या सोळा वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून चारचौघांत कधी ऐकलं नव्हतं. मागून मामी बोललीच, "अवो, लेकुरवाळी पायजे ना ओटीले!"

माळीण गर्रकन वळली. "मी नाही का लेकुरवाळी? तीन लेकरं हायेत मले. मंग मले काहून खांबापाशी उभं केलं तुमी? मले नवरा नाही म्हून मी नाही, अन् इले लेकरू नाही म्हून हे नाही. आमी दोघी मिळून एक त पुरी होतो का नाही?"

माझ्या खांद्यावरचा नवरदेवाचा हात घट्ट झाला. बायको उतरली. तिने तांदळाची ओंजळ भरली, आणि माळणीने तिच्या मनगटांना खालून आपले हात लावले. अशा चार हातांनी ती ओटी भरली. मामीने कुंकवाचा करंडा पुढे सरकवला, थोडी उशिरा, पण सरकवला.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पुढे लाल गाडी, मागे मोटरसायकलवर बाशिंगवाला, आणि रस्त्यावरची माणसं पोट धरून हसत होती. नवरदेवालाही हसू येत होतं. मी गॉगलच्या आतून रडत होतो.

घरी परतल्यावर मी बायकोला म्हटलं, "गाडी ठेवू. फटफटी विकतो. मी एस्टीनं फिरीन, लोकं नेतील मले मागं बसवून." मी हे मनापासून बोललो. उद्याच अमरावतीला नाही म्हणून कळवायचं, असंही ठरवून टाकलं.

ती म्हणाली, "नका ठेवू. द्या त्याले."

"काहून?"

"पाच वर्सं झाले, लोकं मले बलावतात का गाडीले बलावतात, मले कळलं नाही. एकडाव पाहू द्या ना."

"अन् कोनीच नाही आलं त?"

"त मंग कळन."

मी खूप समजावलं. तिने ऐकलं नाही. अमरावतीचा माणूस आला, तिने स्वतः किल्ली त्याच्या हातात दिली, गिअर कुठे अडतो ते सांगितलं, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहिली.

दिवाळीनंतर तुळशीची लग्नं झाली आणि सराई सुरू झाली. पत्रिका आल्या, पण दवाखान्यात, माझ्या टेबलावर टाकून गेलेल्या. घरी कुणी आलं नाही. जे लोक आदल्या वर्षी तारीख धरण्यासाठी आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेले होते, ते बाजारात मला पाहून भाजी निवडायला वाकत. दुपारी मी जेवायला घरी यायचो तेव्हा बायको दारातच असायची. काही विचारायची नाही, मीही काही सांगायचो नाही. मला त्या माणसांचा राग यायचा, तिच्या हट्टाचा यायचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी गाडी विकायला काढलीच नसती तर तिला हे कधी पाहावं लागलं नसतं.

माघ लागला असेल. बाजाराचा दिवस होता. मी ओट्यावर मोटरसायकलची चेन घट्ट करत होतो, तर रिकामी टोपली कमरेवर घेऊन माळीण आली. तिच्या पोरीला सातवा लागला होता. डोहाळजेवण होतं येत्या शुक्रवारी. मी गडबडलो, हाताला ग्रीस तसंच, आणि मनात जे आधी आलं तेच बोलून बसलो.

"मावशी, गाडी नाही आता आमच्याकडे. विकली."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या म्हशीही माझ्याहून शहाण्या होत्या.

"गाडीचं काय करू मी? गाडी ओटी भरते का? बाईले सांगाले आली मी. पयली ओटी तिनंच भराची हाय, मामीच म्हने, आदी तिले सांगून या. बाई हाय का घरी?"

आत भांडी घासण्याचा आवाज चालला होता, तो थांबला. बायको राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. माळणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही.

"किती वाजता येऊ, मावशी?" तिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली.